आक्कानं न प्यायलेलं पाणी

कोळंबीची सालं घेऊन मी विट्याकडे चालले आहे, असं सांगितल्यावर आमच्या घरात आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. आई म्हणाली, "अगो, ती घाटावरची माणसं. त्यांना बांगडा दाखवलास तर साप म्हणतील. सालं कसली नेतेस?" मी म्हटलं, सालं नव्हेत, सालांपासून केलेले पडदे. "मग तर बघायलाच नको," असं म्हणून ती आत गेली.

आम्ही रत्नागिरीचे. मी मुंबईत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि शिकवून उरलेल्या वेळात प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत कोळंबीची सालं उकळते. वासामुळे त्या मजल्यावर माझ्याशी कुणी फारसं बोलायला येत नाही, ते एका अर्थी बरंच आहे. सालं आधी सौम्य ॲसिडात ठेवायची म्हणजे त्यांतला चुना निघून जातो. मग कॉस्टिक सोड्यात उकळायची, धुवायची, वाळवायची. जो पांढरा भुगा हाती येतो तो व्हिनेगरच्या पाण्यात विरघळतो. ती पेज काचेवर ओतून वाळवली की कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा सुटून येतो. त्याला आणखी एक औषध लावून पक्का केला की तो पाण्यात विरघळत नाही, आणि पाण्यातलं तांबं, शिसं असले जड धातू धरून ठेवतो. बाटलीतल्या पाण्यावर माझे पडदे छान चालत. खऱ्या विहिरीवर ते कधी गेले नव्हते.

ते नेले शामरावांनी. आम्ही ज्या दुकानातून ॲसिड आणतो तिथूनच मुंबईतले गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे लोक, ॲसिड नेतात. हे बहुतेक सगळे विट्याकडचे. त्यांतल्या एकाचे हे काका. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत एका दुपारी ते माझ्या खोलीत आले. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि बोटं ॲसिडनं कायमची पिवळी पडलेली. वासाबद्दल त्यांनी नाकसुद्धा मुरडलं नाही. टेबलावर एक बाटली ठेवून म्हणाले, "ताई, ह्या पान्यात काय हाय ते सांगा."

मी तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी चहासारखं तपकिरी झालं. "तांबं आहे," मी म्हटलं, "आणि बरंच आहे. कुणी घातलं यात?"

"म्याच," शामराव म्हणाले.

रहिमतपूर

कऱ्हाडला उतरून सरळ विट्याला जाता आलं असतं. पण शामरावांना औंधच्या यमाईचं दर्शन घ्यायचं होतं आणि रहिमतपुरातल्या एका ओळखीच्या कुंभाराकडून चार मोठे माठ घ्यायचे होते. म्हणून त्यांनी मला रहिमतपूरला उतरवून घेतलं. फेब्रुवारीची सकाळ, अंगावर शहारा आणणारी थंडी, आणि प्लॅटफॉर्मवर हे गृहस्थ दोन्ही हातांत एकेक चहाचा कप धरून उभे. माझा डबा कुठे थांबणार हे ठाऊक नसल्यानं कप घेऊन गाडीबरोबर धावले होते. अर्धा चहा धोतरावर सांडला होता. "उरलाय त्यो गरम हाय," असं म्हणत त्यांनी अधिक भरलेला कप माझ्यापुढे केला.

कुंभाराकडे गेलो. मला हवे होते बुडाला बारीक भोक असलेले माठ. महादेवाच्या पिंडीवर गळती टांगतात ना, तसे. एकाखाली एक ठेवायचे, प्रत्येकात माझे पडदे टांगायचे, वरून विहिरीचं पाणी ओतायचं, आणि चौथ्या माठातून गळेल ते शुद्ध. कुंभारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चांगल्या माठाला भोक पाडाया सांगताय, आन वर भोकाचं येगळं पैसं बी म्या मागायचं न्हाईत व्हय?" मी म्हटलं, भोकाचे वेगळे द्यायचे असतात का? तो हसून म्हणाला, "आवं बाई, थट्टा केली. भोक फुकाट."

खरी गंमत एसटीत झाली. चार माठ, माझी बाटल्यांची पेटी, पडद्यांचा चपटा डबा आणि आम्ही दोघं. कंडक्टर म्हणाला माठ टपावर. शामराव म्हणाले, टपावर गेलं की खापऱ्या खाली येतील. वाद चांगला रंगला असता, पण मागच्या बाकावरून एक रजेवर आलेले हवालदार उठले, त्यांनी एक माठ उचलून सरळ मांडीवर घेतला आणि बाकीच्यांना दरडावलं, "बघत काय बसलाय? एकेक घ्या की! चार मानसं, चार मटके, बात खतम." तीन अनोळखी माणसांनी मुकाट्यानं माठ मांडीवर घेतले. एकीनं तर लेकराला खाली बसवून त्याच्या जागी माठ घेतला. आमच्याकडे अशा वेळी प्रत्येकानं आधी माझं गाव, आडनाव आणि माठाचं प्रयोजन विचारलं असतं, आणि मग मत दिलं असतं. इथे औंधपर्यंत कुणी विचारलं नाही. उतरताना त्या बाईनं फक्त माठावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "खणखणीत हाय."

औंध

माठ स्टँडसमोरच्या चहावाल्याच्या ताब्यात देऊन आम्ही यमाईच्या डोंगरावर चढलो. मी धापा टाकत होते, शामराव बोलत होते. पायऱ्या चढताना माणूस सहसा बोलत नाही, पण त्यांना ते खाली बसून सांगणं जमलं नसतं बहुधा.

तीस वर्षं त्यांनी मदुराईत गलाई केली. दुकान मुलाला देऊन गावी परत आले. गाव विट्यापासून चारेक मैलांवर. रिकामं बसवेना म्हणून घरामागच्या परड्यात भट्टी घातली, आसपासच्या सोनारांचं काम घेऊ लागले. सोन्यातलं तांबं ॲसिडात विरघळून पाण्याबरोबर निघून जातं. शहरात ते पाणी गटारात जातं, कुठे जातं हे कुणी बघत नाही. इथे त्यांनी त्यासाठी परड्यात एक खड्डा खणला. खड्ड्यापासून विहीर वीस पावलांवर. वर्षभरात पाण्याला कळकलेली चव आली, शिजलेल्या भातावर हिरवट झाक दिसू लागली, आणि आळीतली पोरं ओकायला लागली.

"खड्डा बुजवला, माती उकरून लांब टाकली, हीर दोनदा उपसली," शामराव म्हणाले. "भट्टी तवाच मोडली. पर पानी काय सुधरंना. आमच्या बापानं खणलेली हीर, ताई. आख्खी आळी त्यावर जगायची. आता सगळी मैलभर मळ्यातनं पानी आणत्यात. माझी आक्का सुदीक."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेली. आई लवकर गेल्यावर शामरावांना तिनंच वाढवलं. आता सत्तरीला आलेली. गावीच असलेल्या शामरावांच्या सुनेला पाणी आणू देत नाही, कारण तिच्या पोटात दुखतं. शामरावांना आणू देत नाही, कारण त्या गावात पुरुषानं डोक्यावर-खांद्यावर पाणी वाहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. गुडघे दुखत असताना स्वतः रोज दोन खेपा करते.

"रागावल्या असतील तुमच्यावर," मी म्हटलं.

"एक शबूद बोलली न्हाई, ताई. दीड वरीस झालं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

देवळात त्यांनी नारळ वाढवला. काय मागितलं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. वरून माण खोऱ्याचा तो पिवळा-तपकिरी मुलूख दिसत होता. नजर पोचेल तिथवर पाण्याचा टिपूस नाही. आमच्याकडे पाणी वाहून जाऊ नये याची चिंता कधी कुणी केलेली मी पाहिली नाही. उलट ते घरात शिरू नये याची. मला पहिल्यांदा माझ्या डब्यातल्या पडद्यांची भीती वाटली. ते चालले नाहीत तर मी मुंबईला परत जाईन आणि नवे करीन. ही माणसं कुठे जातील?

विट्याजवळचं गाव, पहिला दिवस

आक्का दारातच भेटली. उंच, काटक, साधं विटकं लुगडं, गळ्यात तुळशीची माळ. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ते तांब्याभर पाणी तिनं मैलावरून आणलेलं आहे हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पाय मागे घ्यावेसे वाटले. "घे की धुऊन," ती म्हणाली, "पानी काय साठवून पुजायचं असतंय व्हय?"

जेवायला हुलग्याचं माडगं होतं. वाफाळतं, लसूण-मिरचीचं. एक घोट घेतला आणि मी ओरडलेच, "अहो, ही तर आमची कुळथाची पिठी!" आक्काला ते पटेना. तिच्या मते हुलगा हा फक्त दुष्काळी मुलखात पिकतो आणि पाऊस-पाण्याच्या माणसांना तो माहीत असायचं कारण नाही. मी तीन वाट्या प्यायल्यावर तिचं मत बदललं. "खाती बाई तू," असं म्हणून तिनं चौथी वाढली.

दुपारी माठांची मांडणी उभी केली. शामरावांनी आळीतल्या सुताराकडून चार बैठकांची शिडीसारखी घोडी करून घेतली होती. मी डबा उघडला, पडदे काढले, आणि दोऱ्याला टाचून एकेका माठात सहा-सहा टांगायला लागले. आळीतल्या बायका जमल्या. "पापड हायत जनू," एक म्हणाली, आणि त्या क्षणापासून माझ्या चार वर्षांच्या संशोधनाचं नाव पापड पडलं.

आक्कानं एक पडदा बोटानं चाचपला. "कशाचं करत्यात गं हे?"

इथे मला थांबायला हवं. मी तिच्या गळ्यातली माळ पाहिली. जेवताना सुनेनं सांगितलं होतं की घरात कांदा-लसूण चालतो, पण अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. आणि विहीर, आळी, चार माठ, दीड वर्ष, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणाले, "कागदाच्या जातीचं आहे, आक्का. झाडापासून करतात."

"बरं," ती म्हणाली, आणि पडदा माझ्या हातात परत दिला.

आजही तो "बरं" आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

दुसरा ते चौथा दिवस

पाणी ओतायचं, थेंब-थेंब गळू द्यायचं, दर दोन तासांनी चौथ्या माठाखालचं पाणी तपासायचं. पहिल्या दिवशी तपकिरी. मी तोंड पाडून बसले. मग लक्षात आलं की तिसऱ्या माठाचं भोक मोठं होतं, पाणी भसाभसा उतरत होतं. शामरावांनी त्यात बाभळीच्या लाकडाची मेख मारली. दुसऱ्या दिवशी फिका तपकिरी. तिसऱ्या दिवशी दुपारी मी औषध टाकलं, काचनळी उन्हात धरली, हलवली, पुन्हा धरली. पाणी पाण्यासारखंच राहिलं.

मी शामरावांना हाक मारली. ते बघत राहिले आणि मग म्हणाले, "अजून दोन थेंब टाका." टाकले. काही नाही. त्यांनी टोपी काढली आणि उगाचच डोकं खाजवत परड्यात दोन फेऱ्या मारल्या.

"पण प्यायचं नाही हां कुणी," मी बजावलं. "तांबं माझ्या डोळ्यांना दिसतं, शिसं दिसत नाही. बाटल्या मुंबईला नेईन, तिथून कागद येईल, मग प्यायचं."

"न्हाई पीत," आक्का म्हणाली. आणि तिनं शब्द पाळला. प्यायली नाही.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. कामापेक्षा माणसांमुळे. रोज एका घरातून कुणीतरी काही आणून ठेवायचं: हुरडा, शेंगा, गुळाचा खडा, एका आजीनं तर घोंगडं, कारण "कोकणातली पोर, हिला थंडी बाधंल." मी कोण, कशासाठी आले, यशस्वी होणार का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तरी रात्री मला अंथरूण कुठं टाकायचं यावरून दोन घरांत भांडण झालं. आम्ही कोकणातली माणसं पाहुण्याला आधी पारखतो, मग फणस कापतो. इथे आधी वाढतात, पारखायचं राहूनच जातं.

पाचवा दिवस

सकाळी मी आक्काबरोबर मळ्यातल्या विहिरीवर गेले. एक कळशी मी घेतली. माझ्या कमरेवर ती राहीना, वाटेत अर्धी सांडली. आक्का हसून हसून बेजार झाली. परत आलो तर परड्यातून धूर येत होता, आणि घोडीवरचे चारही माठ रिकामे.

शामराव मोडलेल्या भट्टीच्या जागी उकिडवे बसले होते. कोळशांचा छोटा ढीग, हातातला भाता, आणि निखाऱ्यांत सोनं वितळवायच्या चार मुशी. माझे पडदे त्यांनी मुशींत घालून जाळले होते.

मी किंचाळले. अहो, ते पडदे मुंबईला नेऊन, ॲसिडात धुऊन, कुणी किती धातू धरला हे मोजायचं होतं! तोच तर सगळा प्रयोग होता! "शामराव, काय केलंत हे? चार वर्षं जाळलीत माझी!"

ते दचकून उठले. त्यांना खरोखरच कळेना की मी का ओरडते आहे. गलाईवाल्याच्या घरात काही फेकत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुकानातला केर, जुनी चटई, केरसुणी, कामगाराचा फाटका शर्ट, सगळं वर्षाकाठी जाळतात आणि राखेतून सोन्याचे कण काढतात. ज्या वस्तूनं धातू धरला ती वस्तू जाळायची आणि किती धरला ते बघायचं. दुसरी रीत त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हती. माझे पडदे चार दिवसांत निळसर-हिरवे झालेले त्यांनी पाहिले, आणि मी निघायच्या आधी मला भेट द्यावी म्हणून आम्ही मळ्याकडे गेल्यावर टाकणखार, म्हणजे धातू लवकर वितळवणारा क्षार, घालून गाळायला घेतले.

"पर ताई," ते म्हणाले, "म्या मिसळलं न्हाई. प्रत्येक माठाचं येगळं ठेवलंय."

त्यांनी मुशी फोडून, तोलून, एका जुन्या पितळी ताटलीत चार मणी मांडले. पहिल्या माठाचा तांबूस मणी तुरीच्या दाण्याएवढा. दुसऱ्याचा मुगाएवढा. तिसऱ्याचा मोहरीएवढा. चौथ्याचा दिसण्यासाठी मला ताटली डोळ्यांजवळ न्यावी लागली, खसखशीचा दाणा. प्रत्येकाखाली चिठ्ठी, त्यावर शिसपेन्सिलीनं गुंजांत वजन. जाळण्याआधी पडद्यांचं वजनही केलेलं होतं.

माझ्या सगळ्या तक्त्यांत जे मला दाखवायचं होतं ते या माणसानं ताटलीत मांडलं होतं: माठागणिक धातू कमी होत जातो आणि चौथ्याला जवळजवळ काही उरत नाही. नंतर मुंबईत मी ते मणी विरघळवून तपासले. त्यांची गुंज आणि माझा काटा यांत फरक नावापुरता होता. पण ते नंतर. त्या वेळी मला नुसतं रडू आलं. मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "आवं, म्या इचारायचं हुतं. चूक माझीच."

मग ते जरा घुटमळले. "एक इचारू? हे पापड झाडाचं न्हाईत."

मी ताटली खाली ठेवली.

"आमी जरीची जुनी लुगडी जाळतो. सुती आसंल तर कागदावानी वास येतो. रेशीम आसंल तर केस जळल्यावानी. ह्ये केसावानी जळलं. ह्ये जित्राबाचं हाय."

आक्का माझ्या मागेच उभी होती, कमरेवर कळशी तशीच.

मग मी सांगितलं. उंबऱ्याबाहेर उभी राहून, सगळं. कोळंबी म्हणजे काय, सालं कशी आणते, कशी उकळते, त्यांत मांसाचा अंश राहत नाही, आणि तरीही ती कोळंबीचीच. आणि हेही, की माळ बघून मी मुद्दाम खोटं बोलले. शामरावांचा चेहरा पांढरा पडला. ते आक्काकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

आक्कानं कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी ते पानी प्यायले न्हाई. तू नको म्हनलीस म्हनून. पर कालपासनं देवाला घालतीया. हिरीचं पानी सुधारलं तर पैलं देवाचं."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. "आक्का, मला क्षमा करा. काय करू सांगा."

"देवाला कळलंच आसंल, तू काय केलंस ते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "त्यो बोलत न्हाई. तू तरी बोलायचं हुतंस."

ती आत गेली, देव ताम्हनात घेतले, मळ्यातल्या पाण्यानं पुन्हा धुतले, पुसले, जागेवर ठेवले. बाहेर येऊन मला म्हणाली, "आळीतली मानसं खात्यात समदं. त्यास्नी कागद आला की पाज. मी न्हाई प्यायची. आता आत ये, माडगं निवतंय."

मी जेवले. ती समोर बसून वाढत होती. मध्येच तिनं विचारलं, "झाडाचं करता येत न्हाई व्हय गं तुला? त्या आजीनं दिलेलं घोंगडं बघ. त्येला चिंचोक्याची खळ असती. पान्यात भिजलं तरी सुटत न्हाई. लय चिवट." इतका अपमान सोसून ही बाई माझ्या प्रयोगाचा विचार करत होती. मी ताटावरच रडले. "गप," ती म्हणाली, "मिरची लागली म्हनतील लोक."

दुपारी बसला निघताना पाहिलं, तर शामराव खांद्यावर कळशी घेऊन मळ्याच्या वाटेनं चालले होते. पारावर बसलेल्या पुरुषांपैकी कुणी काहीतरी बोललं. शामरावांनी मान वळवली नाही. आक्का दारात उभी होती. तिनं त्यांना अडवलं नाही.

पुन्हा तेच गाव

मुंबईहून कागद गेला: शिसं नाही, तांबं बेताचं. माझे उरलेले पडदे लावून आळी पाणी प्यायला लागली. आक्कासाठी शामराव रोज मळ्यातनं पाणी आणत, आणि स्वतःही तेच पीत. मी मात्र चिंचोके भाजत, सोलत, दळत बसले. खळीचे पडदे जमायला दिवाळी उजाडली. खरं सांगायचं तर ते कोळंबीच्या निम्मेही काम करत नाहीत. माठ चारऐवजी सहा लागले, पडदे दर आठवड्याला बदलावे लागतात. तरी मी घेऊन गेले, सुट्टीत, चार दिवसांसाठी.

आक्कानं तसाच पडदा बोटानं चाचपला. या वेळी तिनं विचारायच्या आधी मी सुरू केलं. चिंचोके, सोडा, व्हिनेगर, पक्कं करायचं औषध. "आणि एक ग्लिसरीन," मी म्हटलं, "पडदा तडकू नये म्हणून चार थेंब घालते. ते शेंगदाण्याच्या तेलापासूनही करतात आणि चरबीपासूनही. माझं कशाचं आहे, दुकानदाराला ठाऊक नाही."

शामरावांनी कपाळाला हात लावला. ते सहा माठ, तो प्रवास, ती दिवाळी. मी हे मनात ठेवलं असतं तर कुठल्याही भट्टीत ते कळलं नसतं. आक्का मात्र हसली. ती आधीही हसली होती, पण माझ्याकडे बघून अशी पहिल्यांदाच. "मग मी थांबती," ती म्हणाली. "तू बिगर ग्लिसरीनचं कर."

बिगर ग्लिसरीनचे पडदे खाकऱ्यासारखे तडकतात. जाड केले, कापडावर लिंपले, अर्धे फुटले. उरलेले शामरावांच्या पुतण्याबरोबर पाठवले. संक्रांत झाली आणि शामरावांचं कार्ड आलं. आयुष्यात मला पदव्या मिळाल्या, एकदोन बक्षिसं मिळाली, त्यांचे कागद कुठे आहेत मला ठाऊक नाही. हे कार्ड माझ्या पाकिटात असतं. ते जसंच्या तसं देते.

"ताईस शामरावचा नमस्कार. तुमचे पापड पोचले. तीन फुटलेले होते. बाकीचे लावले, तपासले, थेंब टाकून बघितले, पाणी स्वच्छ. आज सकाळी मी कळशी घेऊन मळ्याकडं निघालो तर आक्कानं उंबऱ्यात अडवलं. कळशी माझ्या खांद्यावरनं उतरवून घेतली आणि सहाव्या माठाखाली लावली. भरायला लय वेळ लागला. ती तिथंच बसून राहिली. भरल्यावर पहिलं देवाला घातलं. मग आपण प्यायली. मग तांब्या माझ्यापुढं केला आणि म्हणाली, शामा, तू बी पी."